जित्या बापाचा करदोडा

बार्शीटाकळी
१२ जानेवारी १९६४

आबाजी,

वर ‘जयभीम’ लिहिलं तर तुम्ही कागद फेकून द्याल, आणि ‘रामराम’ लिहिलं तर इकडे बाबा माझ्याशी बोलायचे नाहीत. म्हणून दोन्ही सोडून नुसती हाक मारते. मी शकुन, खुशालरावांची मुलगी, तुमची नात. तुम्ही घर सोडून मोर्शीला केशरआत्याकडे गेलात तेव्हा मी शाळेत जात होते. आता अकोल्याला मुलींच्या शाळेत मास्तरीण आहे आणि रविवारी घरी येते. हे पत्र आत्याचे यजमान देवमनमामाजी तुम्हाला वाचून दाखवतील. मामाजी, पाया पडते, सगळं वाचा. ‘सारे खुशाल आहेत, पैसे मागितले नाहीत’ एवढं सांगून संत्र्याच्या बगीच्यात निघून जाऊ नका.

मी रुसवा काढायला लिहीत नाही. रुसवा माझाही आहे, आणि तो मी इतक्यात सोडणार नाही. मला तुमच्याकडून फक्त एक वाक्य हवं आहे.

बाबा आजारी आहेत. कंबरेला उजव्या अंगाला, जिथे करदोडा असतो आणि धोतराचा पीळही तिथेच बसतो, तिथे जखम झाली आहे. कापसाच्या जिनात रुईच्या गाठी उचलायच्या म्हणून ते धोतर किती आवळून नेसतात हे तुम्हाला माहीत आहे. आधी नुसता काळा पट्टा होता. मग तिथे साल निघायला लागली, भेग पडली, आणि दोन वर्षांपासून ती भेग मिटतच नाही. आता तर कडा उचलल्या आहेत आणि मधलं मांस कोंबड्याच्या तुऱ्यासारखं वर आलं आहे. बाबा कोणाला दाखवत नाहीत. मला मायनं सांगितलं.

बळेबळे अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाहिलं आणि पहिली गोष्ट हीच म्हणाले, की हा दोरा काढा, धोतर सोडून सैल पायजमा घाला, मग पुढचं बोलू. पायजमा बाबांनी लगेच कबूल केला. दोऱ्याचं नाव काढताच सदरा खाली ओढला आणि म्हणाले, “माहा बाप जित्ता हाये, डाक्टरसाहेब. जित्या बापाचा करदोडा मी तोडत नसतो.” आणि चालायला लागले. मी मागून चपला हातात घेऊन धावले.

डॉक्टर पुण्याकडचे. त्यांना काही कळेना. त्यांना मी सांगितलं, की आमच्यात मुलाच्या कंबरेला बाप करदोडा बांधतो, तो बाप असेतोवर कंबरेवरून उतरत नाही. जुना झाला तर आधी नवा बांधायचा, मग जुना काढायचा. बाप वारला की मसणवटीत मुलगा तो तोडतो. डॉक्टर म्हणाले, “मग आजोबा आहेत ना? त्यांनाच सांगायला लावा.” सोपं आहे की नाही?

ते दिवस तुम्हाला आठवायला आवडणार नाहीत, तरी लिहिते. बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले, पांढरे कपडे, डोळे रडून सुजलेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना ताठ मानेनं चालताना पाहिलं. घरातले देव नदीत सोडायचं ठरलं. तुम्ही ते सगळे देव धोतराच्या ओच्यात घेतले आणि दारात उभं राहून म्हणालात, “आजपासून मी तुह्यासाठी मेलो. तोडून टाक तो करदोडा.” मी तिथेच होते. मायही होती. बाबांनी देव सोडले, जुनं सगळं सोडलं, पण तो दोरा सोडला नाही. वस्तीतली माणसं त्यांची टर उडवतात. “खुशालराव, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, आन् कंबरीले अजून दोरा कावून?” ते हसून टाळतात. तो तोडला, तर तुमचं म्हणणं कबूल केलं असं होईल ना? तुम्ही मेलात हे कबूल केलं असं.

दरवर्षी यात्रेतून नवा काळा गोफ आणून तुम्ही बांधायचात. तुम्ही गेल्यापासून नवा बांधायला कोणी नाही, म्हणून जुनाच आहे. घामानं, तेलानं, रुईच्या धुळीनं तो काथ्यासारखा कडक झाला आहे. तोच रुततो, तोच सोलतो.

तर आबाजी, एवढंच कळवा की, ‘खुशाल, दोरा काढ, मला राग नाही.’ मामाजी कार्डावर लिहितील. तुम्ही अंगठा उमटवा. बाकी सगळं मनात ठेवा, मी मागणार नाही.

शकुन


अमरावती
९ फेब्रुवारी १९६४

आबाजी,

मामाजींचं कार्ड पोचलं. त्यांनी तुमचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं आहे म्हणे: “एकडाव तोंडातून निंगालं थे निंगालं. दुसऱ्या डावा म्या नाई म्हणनार.” एवढंच. आणि पुढे बगीच्यात आंबिया बहार कसा धरला आहे ते. वा! लेकाची कंबर सडते आहे आणि तुम्ही शब्दाला चिकटून बसला आहात. बाबांचा हट्ट कुठून आला हे आता विचारायला नको.

मी अमरावतीहून लिहिते आहे. अकोल्याच्या डॉक्टरांनी जखमेचा नखाएवढा तुकडा काढून इथल्या डॉक्टर खोडक्यांकडे पाठवला होता. तुकडा काढू देतानासुद्धा बाबांनी दोरा तेवढा वर सरकवून धरला, कंबरेवरून काढला नाही. खोडके सूक्ष्मदर्शकाखाली असले तुकडे तपासतात. म्हातारे आहेत, विडीचा वास येतो, आणि एकटेच बडबडतात. मी सहावीला शास्त्र शिकवते म्हटल्यावर म्हणाले, “मग उभ्या काय राहता? बघा की.”

मी पाहिलं. मामाजी, हे हळू वाचा. काचेवर गुलाबी-जांभळा रंग दिलेला होता. वरच्या कातडीच्या पेशी जिथे वर राहायला हव्या तिथे राहिल्या नव्हत्या. त्यांचे पुंजके खाली मांसात उतरले होते. खोडके म्हणाले, हा कातडीचा कॅन्सर. शब्द मी ऐकला होता, पण बाबांच्या नावापुढे ऐकला नव्हता. मला खुर्ची दिली त्यांनी.

मग म्हणाले, “सगळे ह्या पुंजक्यांकडेच बघतात. तुम्ही त्यांच्या भोवती बघा.” भोवती लांबट, दोन्हीकडून निमुळत्या पेशी होत्या, आणि त्यांच्यातून बारीक धागेच धागे. माय गोधडी शिवते तेव्हा टाके जसे एका अंगाला धावतात तसे. त्या पेशी आपल्या सगळ्यांच्या कातडीखाली असतात, आबाजी. कातडीला आधार देणं, तिला धरून ठेवणं हे त्यांचं काम. कुठे कापलं, भाजलं, की त्या धावत येतात, धागे विणतात, जखम बांधून काढतात. त्या नसत्या तर साधं खरचटलेलंसुद्धा भरलं नसतं.

“मग त्या इथे काय करतात?” मी विचारलं.

खोडके म्हणाले, “तेच. आपलं काम. वर्षानुवर्षं त्या जागी रोज घासलं, रोज सोललं. रोज ह्यांना बोलावणं आलं, रोज ह्यांनी विणलं. थांबायचं कधी ते कोणी सांगितलंच नाही. आता त्या रोगाभोवती विणतात. त्याला धरून ठेवतात, रक्ताच्या वाटा करून देतात. माझं आपलं असं मत आहे हं बाई, पुस्तकात हे अजून कोणी ठामपणे लिहिलेलं नाही. पण इतकी वर्षं बघतो आहे. रोग एकटा वाढत नाही. त्याला भोवतालच्यांनी सांभाळावं लागतं. आणि सांभाळणारे वाईट नसतात.”

म्हणून शस्त्रक्रिया करताना नुसती जखम काढून भागत नाही. भोवतीचं चांगलं दिसणारं मांसही रुंद कापून काढायचं. आणि त्याआधी ते घासणं बंद झालंच पाहिजे, नाहीतर त्यांना बोलावणं येतच राहील. आत्ता काढलं तर बाबा वाचतील. खोडके असं म्हणाले: “वाचतील.” मार्चअखेरपर्यंत त्यांनी इथल्या सर्जनकडे जागा सांगून ठेवली आहे.

निघताना त्यांनी विचारलं, जखम कोण बांधतं? मी म्हटलं, माय. जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा ती रोज करदोड्याखाली घालते, तूप-हळद लावते, दोरा रुतू नये म्हणून त्यालाही चिंधी गुंडाळते. ते म्हणाले, “चांगलं करतात. म्हणून तर त्यांना इतके दिवस सोसता आलं.” ते टोचून बोलले नव्हते. पण एसटीच्या स्टँडावर बसून मी तेच घोकत राहिले, आणि रडले. हे मी मायला कधीच सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका.

आबाजी, राग माझ्यावर काढा. मी आले की मारा हवं तर. पण ‘काढ’ म्हणा.

शकुन


बार्शीटाकळी
८ मार्च १९६४

आबाजी,

तुमच्याकडून काहीच आलं नाही, म्हणून मी तुमच्या नावानं खोटं बोलले.

मागच्या रविवारी बाबा ओसरीत बसले होते. मी कार्ड हातात घेऊन गेले, मामाजींचं मागचंच, आणि म्हटलं, आबाजींचा निरोप आला. बाबांचा चेहरा असा झाला आबाजी, की मला तिथेच पळून जावंसं वाटलं. लहान मुलासारखे सरसावून बसले. माय चुलीपुढून उठून दारात आली.

“काय म्हणते बुढा?”

मी वाचल्यासारखं केलं: “चिरंजीव खुशाल यास आशीर्वाद. तुझ्या प्रकृतीचं समजून वाईट वाटलं. करदोडा काढून ठेवावा आणि डॉक्टर सांगतील तसं वागावं. माझी आडकाठी नाही.”

बाबा ऐकत राहिले. मग हसायलाच लागले. किती दिवसांनी हसले. “असं म्हणला? ‘प्रकृतीचं समजून वाईट वाटलं’ म्हणला माहा बाप? अवो बाई, त्यानं मले जलमात बयताड म्हणल्याबिगर गोष्ट सुरू केली नाई. आडकाठी! आडकाठी मंजे काय थे तरी ठाव हाय काय त्याले?” आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “मास्तरीण झाली, पण तुले खोटं बोलाले जमत नाई.”

मग मी सगळं सांगितलं. दोन पत्रं लिहिली, तुम्ही काय उत्तर दिलं, सगळं. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, “मंजे आयकलं त्यानं. माहं नाव निंघालं त्याच्यापुढं.” आणि उठून बैलाला पाणी दाखवायला गेले. कंबर वाकडी करून चालतात आता.

शेजारचे पंजाबराव बाबांबरोबर नागपूरला गेले होते. त्यांनी सरळ विळाच काढला. “अरे, आपन माणूस झालो थे ह्या दोऱ्यासाठी काय? आन इकडं, मी कापतो.” बाबा त्यांच्यावर कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, “पंजाब, धर्म म्या बदलला. बाप नाई बदलला.” पंजाबराव विळा टाकून बसून राहिले. मायनं एकदा बाबा झोपले असताना कात्री लावायला पाहिलं होतं. ते जागे झाले, आणि उठून शेतातल्या झोपडीत जाऊन राहिले. पुन्हा तिनं कात्रीला हात लावला नाही. बाबांना फसवून, बेशुद्ध करून दोरा कापणारे सर्जनही मिळतील. पण त्यानंतर ते जगायला तयार होतील का, ते मला कोण सांगेल?

म्हणून पुन्हा लिहिते. मला तुमचे शब्द हवेत, तुमचेच. शिव्यांसकट. ‘बयताडा’ पासून सुरुवात करा. मामाजी, बुढा बोलेल ते लिहा, सुधारू नका. मार्चअखेर जवळ आली.

शकुन


बार्शीटाकळी
२९ मार्च १९६४

आबाजी,

तुमचं पार्सल मिळालं.

मी काय लिहिलं होतं आणि तुम्ही काय पाठवलंत? मी म्हटलं होतं काढायला सांगा. तुम्ही नवा गोफ पाठवलात. नवाकोरा, मऊ रेशमाचा, तेल लावून. आणि मामाजींच्या हातची चिठ्ठी: “बयताडा, जुना रुतते तं नवा बांधाले काय झालं होतं? मी जित्ता हाव अजून.”

परवा मी अकोल्याहून यायच्या आधीच पार्सल फुटलं होतं. मी आले तेव्हा बाबा ओसरीत उभे होते, सदरा वर धरून, आणि माय गुडघ्यांवर बसून गाठ मारत होती. “घट्ट ओढ,” बाबा म्हणत होते, “बाप सैल बांधत नव्हता.” दुखून त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि ते हसत होते. मग जुना दोरा त्यांनी स्वतः कापला. इतकी वर्षं ज्याला कोणाला हात लावू दिला नाही, तो असा कापला, जसा काही उसाचा पाला.

त्या दिवशी त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या. तुमची चिठ्ठी वस्तीभर वाचून दाखवली. पंजाबरावांनासुद्धा. “पाह्य, बयताड म्हणला मले.” माय हसली, आबाजी. माझी माय हसली. आणि मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबला.

कारण काल अमरावतीला जायचं होतं. बाबा येत नाहीत. म्हणतात, “बापानं दोरा पाठवला, आता जखम भरते. मऊ हाये, रुतत नाई.” खरंच रुतत नाही म्हणे. पण घासतो ना! तिथेच, त्याच जागी, जखमेवर घट्ट बांधून बसलाय. डॉक्टर खोडक्यांनी सांगितलेलं सगळं मी इतकं बारकाईनं लिहिलं होतं. मामाजी, ते तुम्ही वाचून दाखवलं का? की ‘दोरा जुना झाला, रुतून राहिला’ एवढंच सांगितलंत? माझंच चुकलं असेल. मीच पहिल्या पत्रात जुन्या दोऱ्याचं रडगाणं गायले.

तुम्ही हे काय केलंत, आबाजी? आता तो कोण काढणार? आधी निदान तुमच्या रागाशी भांडता येत होतं.

तुम्ही स्वतः या. एसटीनं अमरावती, तिथून अकोला, मी स्टँडावर घ्यायला येते. तुम्ही पाठवलेला गोफ तुमच्याच हातानं सोडा. या.

शकुन


अकोला
१७ मे १९६४

केशरआत्या,

हे पत्र तुझ्या एकटीसाठी. मामाजींकडून वाचून घे, पण आबाजी बगीच्यात असताना. त्यांना यातला शब्दही कळू देऊ नका.

बाबांच्या जांघेत गाठी आल्या आहेत. टणक, लिंबाएवढ्या. शेवटी परवा मी त्यांना रागानं, रडून, पाया पडून खोडक्यांकडे नेलं. त्यांनी हात लावून पाहिलं आणि मला बाहेर घेऊन गेले. रोग पसरला आहे. आता कापून उपयोग नाही. मुंबईला किरणांनी शेकतात, पण इतक्या लांब नेऊन हाल करण्यात अर्थ नाही म्हणाले. मी विचारलं, मार्चमध्ये आणलं असतं तर? ते मग म्हणाले, “बाई, तुम्ही शास्त्र शिकवता. तुम्हाला खोटं काय सांगू?”

खरं सांगू आत्या? नव्या गोफानं बाबांना दीड महिना सुख दिलं. ते जिनात पुन्हा जाऊ लागले होते. जाता-येता सदऱ्यावरून कंबर चाचपायचे. दुखणं वाढलं तरी कोणाला सांगितलं नाही, कारण बापानं पाठवलेल्या दोऱ्यानं दुखतं असं म्हणायचं कसं? माय जास्त मऊ चिंध्या घालत राहिली. मी आधी भांडले आणि शेवटी त्यांचं हसणं पाहून गप्प बसले. हो, मीही गप्प बसले. एप्रिल महिनाभर मी त्यांना खोडक्यांचं नाव काढून छळलं नाही. इतके आनंदात होते की धीरच झाला नाही. आम्ही सगळ्यांनी त्यांना सांभाळलं, आत्या. जितकं येत होतं तितकं सांभाळलं.

आबाजींचं ते वाक्य मला आता कळलं. ‘एकडाव निंगालं, दुसऱ्या डावा नाई म्हणनार.’ मी हट्ट समजले. तो हट्ट नव्हता. ‘करदोडा तोड’ म्हणून त्यांनी एकदा लेकाला शाप दिला होता, आणि मी त्यांना तोच शाप पुन्हा द्यायला सांगत होते. ते कसे देतील? त्यांनी मागे घेतला. जन्मात माफी न मागितलेल्या माणसाला माफी मागायची ही एकच रीत ठाऊक होती. गोफ पाठवायची.

मी त्यांना ‘या’ म्हणून लिहिलं होतं. आता आणू नकोस. बाबांनीच सांगितलं आहे. काल त्यांना सगळं कळलं. मीच सांगितलं, त्यांनी विचारलं म्हणून. मग म्हणाले, “बुढ्याले सांगजो नोको. त्याच्या दोऱ्यापाई झालं असं त्याच्या मनात येईन. थो जीव ठेवनार नाई.” मी म्हटलं, आतातरी काढू का? म्हणाले, “आता कावून काढतं? आता राहू दे.”

तू ये. एकटी ये. भाऊ अजून ओळखतो आहे तोवर ये. आबाजींना सांग, मायला, तुझ्या मनकर्णावहिनीला, बरं नाही.

तुझी
शकुन


बार्शीटाकळी
२ ऑगस्ट १९६४

आबाजी,

मामाजींचं कार्ड आजच आलं. त्यात लिहिलं आहे, की बाबा गेल्याची तार मिळाल्यावर तुम्ही कोणाला न सांगता निघालात, अमरावतीच्या स्टँडापर्यंत आलात, अकोल्याची गाडी लागली, भरली, गेली, आणि तुम्ही बाकावरच बसून राहिलात. मग परतीच्या गाडीनं मोर्शीला गेलात. आणि तेव्हापासून नीट जेवत नाही. आत्या ताट वाढते, तुम्ही उष्टं करून उठता. आणि एकच गोष्ट विचारता. मामाजींनी ती तुमच्या शब्दांत लिहिली आहे: “माह्या दोऱ्यानं मेला काय थो?”

ऐका. मामाजी, मोठ्यानं वाचा, त्यांचा उजवा कान तुमच्याकडे करून.

नाही.

मार्चमध्ये मी तुम्हाला ते रागाचं पत्र लिहिलं, ते अर्धवट माहितीवर लिहिलं. मास्तरीण झाले म्हणजे डॉक्टर झाले असं मला वाटायला लागलं होतं. बाबा गेल्यावर मी डॉक्टर खोडक्यांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, रोग आतून होता, पहिल्यापासून पसरलेला होता, जानेवारीतच उशीर झाला होता. दोरा असता काय, नसता काय, सारखंच. कोणाच्या कंबरेला काहीच नसतं, त्यांनाही होतो. दोऱ्यानं काही झालं नाही. त्यांनी हे मला समजावून सांगितलं, आणि मी शास्त्र शिकवते, मला समजलं.

जे खरोखर झालं ते सांगते. नवा गोफ आल्यावर त्यांना भूक लागायला लागली. त्यांनी तुमची चिठ्ठी उशाखाली ठेवली होती. शेवटच्या आठवड्यात कोणालाही ओळखत नव्हते, मायलाही नाही, पण कोणी कपडे बदलायला कंबरेला हात लावला की म्हणायचे, “सांभाळून. बापानं बांधला.” पंजाबरावांनी त्यांना आंघोळ घातली. भंतेजी आले होते, वंदना झाली. बाप असताना मुलगा गेला, म्हणून करदोडा कोणी तोडला नाही. पंजाबरावांनीच सांगितलं, राहू द्या. तसाच गेला त्यांच्याबरोबर.

तुम्ही आठ वर्षांपूर्वी दारात जे बोललात ते त्यांनी मनात ठेवलं नव्हतं. हे मी त्यांच्या तोंडून ऐकलं आहे. तुम्हाला वाटत असेल शकुन मन राखायला म्हणते. तर आत्याला विचारा, तीही तिथे बसली होती.

माय सांगते, की आता तुम्ही इकडे यावं. दारावर जयभीम लिहिलेल्या घरात राहवत नसेल तर मागच्या खोलीत तुमचे देव ठेवा, तिला चालेल. पंजाबराव काही बोलणार नाहीत, मी त्यांच्याशी बोलून ठेवलं आहे. पण ते पुढचं पुढे. तुम्ही जेवत नाही हे कार्डातलं वाचल्यापासून मायनंही ताट सरकवलं आहे. म्हणते, बुढा जेवला असं कळलं की मग पाहू. तिला आधीच अंगात काही राहिलेलं नाही.

आबाजी, तुम्ही काहीही केलेलं नाही. केशरआत्या वाढेल ते जेवा, आणि जेवलात की मामाजींना आजच्या आज दोन ओळी लिहायला सांगा. मी मायजवळ बसून वाट पाहते आहे.

तुमची
शकुन